अक्काबाईंची नोंदवही आणि विंडोज दहा

भिगवण
५ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली,
जय भीम.

गेणबाच्या टेम्पोतून माझा संगणक पाठवते आहे. मासळीच्या खोक्यांत ठेवू नकोस, पुढच्या सीटवर ठेव, असं त्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "बाई, माशाला बर्फ लागतो. ह्येला काय लागतंय?" मी म्हटलं, याला शहाणा ड्रायव्हर लागतो. ज्या सोलापुरी चादरीत गुंडाळलाय ती परत पाठव, दुकानात पुसायला घेऊ नकोस.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र आणि फोन जवळ आले की शिट्टी वाजते आणि तू बोललेलं मला निम्मंच कळतं. निम्म्या बोलण्यावर मी आयुष्यात कुणाचं बाळंतपण केलेलं नाही. गेणबा सोमवार, बुधवार, शनिवार बारामतीच्या बाजाराला येतो. पत्र त्याच्याकडे दे, त्याच दिवशी मिळतं. वास येतो, पण मिळतं.

दुखणं असं आहे, की पेन्शनची साइट उघडत नाही. तुमचं सगळं जुनं झालं, नवीन आणा, असं इंग्रजीत सांगते. मग एका कागदासाठी मला इंदापूरचा हेलपाटा पडतो. बुद्धघोष पुण्याहून म्हणतो, आई, तो डबा फेकून दे, लॅपटॉप पाठवतो. याच डब्यात कॉलेजला असताना त्यानं मला नोंदवहीचा प्रोग्रॅम करून दिला होता, हे पोरगं साफ विसरलं. वर म्हणतो, कुठला प्रोग्रॅम?

तुला ठाऊक आहे, पण परत सांगते. उपकेंद्रात नर्स म्हणून बत्तीस वर्षं काढली. सरकारी वह्या सरकारजमा झाल्या. ही वही माझी स्वतःची. कोण कधी बाळंत झाली, मूल कसं रडलं, कोण काय बोललं, सगळं रोज डायरीत लिहायची. मग बुद्धघोषनं प्रोग्रॅम करून दिल्यावर सात वर्षं बसून, एका बोटानं, सगळ्या डायऱ्या त्यात चढवल्या. डायऱ्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. आता जे काय आहे ते या डब्यात आहे. नवीन विंडोज टाक, पण माझ्या नोंदवहीला धक्का लागता कामा नये.

तुझी
अक्का आत्या

*

बारामती
९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझा संगणक उघडला. आत पालीची दोन अंडी आणि एक उदबत्तीची काडी निघाली. काडी आत कशी गेली ते तूच सांग. ब्लोअर मारला तर एवढी धूळ उडाली की शेजारचा चहावाला भांडायला आला.

त्यात अजून ते जुनं विंडोज एक्सपी होतं! आत्या, एक्सपी वापरणारी तालुक्यात तू एकटीच उरली असशील. विंडोज अकरा या डब्याला झेपत नाही, म्हणून दहा टाकलं. थोडी मेमरीही वाढवली, माझ्याकडे जुनी पडून होती. आता पेन्शनची साइट उघडेल, बुद्धघोषदादाचा चेहराही दिसेल.

नोंदवहीची काळजी सोड. जिथल्या तिथं आहे, मी हातही लावला नाही. मी हे काम रोज करते गं. माझ्या दुकानात रोज चार मशीन येतात आणि चारही हसत घरी जातात.

चादर धुऊन पाठवली आहे.

तुझी
मोनाली

*

भिगवण
१२ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली,
जय भीम.

आज सकाळी विहारात वंदनेला जाऊन आले आणि आल्या आल्या लिहायला बसले आहे. यावरून काय ते समज.

आधी गोड सांगते. पेन्शनची साइट उघडली. बुद्धघोष दिसला. पोट सुटलंय त्याचं.

आता बाकीचं. नोंदवही उघडत नाही. चित्रावर दोनदा दाबलं की चौकट येते, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही म्हणून. अगं, तो जन्मला याच संगणकावर! वीस वर्षं नांदलेल्या सुनेला तिच्याच घराच्या दारात, बाई तू कोण, असं विचारण्यातला प्रकार झाला हा.

तू हात लावला नाहीस म्हणतेस. मग याला काय म्हणायचं? मला नवीन नको. माझं जुनं परत दे.

अक्का आत्या

*

बारामती
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

रागावू नकोस. तुझी वही आहे, फक्त नव्या विंडोजला दादाच्या काळचा प्रोग्रॅम चालवता येत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही, कान धरते.

यावर एक उपाय आहे. एकाच मशीनमध्ये दोन्ही ठेवू. संगणक चालू केलास की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतील, दहा आणि एक्सपी. बाणाच्या बटणानं हवी ती ओळ निवडायची आणि एंटर दाबायचं. पेन्शनला दहा, नोंदवहीला एक्सपी. तीस सेकंदांत काही दाबलं नाहीस तर ते आपणहून दहामध्ये जाईल, म्हणून चष्मा आधी घालून बस. मशीन बुधवारी पाठव.

आणि आत्या, आणखी एक गोष्ट आहे. ती वाचताना जरा बस.

शनिवारी दुकानात एक मुलगी आली. नाव बदलायचा अर्ज भरायचा होता, राजपत्रात छापून येतो तो. मी टाइप करत करत विचारलं, जुनं नाव काय? म्हणाली, नकोशी. माझा हात तिथंच थांबला. ती म्हणाली, "लिवा की ताई. मला सवय हाय."

सांगवीची आहे, अठ्ठावीस वर्षांची. बारामतीत एका दवाखान्यात नर्स आहे. परदेशात नोकरी मिळालीय आणि पासपोर्ट काढायचाय. त्या पासपोर्टावर तिला हे नाव नकोय. नव्या नावाची चौकट रिकामी होती. मी दहा नावं सुचवली. एकही घेतलं नाही. म्हणाली, "पुस्तकातलं नाव नको. माझ्या आईनं कायतरी नाव ठरवलं आसंल तर त्येच पायजे. पन आई मी सहा वर्षांची असताना गेली. तिलाबी मी नको हुते का, येवढं जरी कळलं तरी लई झालं."

आईचं नाव लीलाबाई. आजोळ तुझ्या उपकेंद्राच्या गावचं, आणि हिचा जन्मही तिथलाच, नर्सबाईच्या हातून. त्या नर्सबाई तूच ना? तुला काही आठवतं का? ६ नोव्हेंबरला तिचं प्रतिज्ञापत्र आहे. तोवर त्या चौकटीत काहीतरी लिहावं लागेल.

मोनाली

*

भिगवण
१६ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली,
जय भीम.

होय, मीच. नकोशी नावाची नोंद माझ्या हातून एकदाच झाली. ती मी कशी विसरेन?

तिची आई तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीच्या दोन मुली. तिसऱ्या खेपेला कुणी माहेरी धाडत नाही, पण हिनं हट्ट केला होता. दुपारची वेळ होती. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. तासाभरात सांगवीहून सासू आली. दारातूनच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती खाटेपर्यंतही आली नाही. "आता बास झाल्या म्हनावं लेकी. नकोशीच नाव ठिवा," असं म्हणाली आणि आल्या पावली एस.टी.च्या थांब्यावर गेली.

सासू गेल्यावर आई रडली नाही, हे मला पक्कं आठवतं. तिनं मला जवळ बोलावलं आणि एक नाव सांगितलं. तिच्या मनातलं नाव. माझ्या डायरीत ते लिहायला लावलं. मी लिहिलं आणि पुढे संगणकातही चढवलं.

पण ते नाव काय होतं, ते आठवत नाही गं. दोन दिवस डोकं धरून बसले आहे. सासूचं बोलणं शब्दन् शब्द ध्यानात आहे आणि त्या माउलीनं हळूच सांगितलेलं एक नाव नाही. माझाच मला संताप येतो.

मशीन गेणबाबरोबर पाठवलं आहे. तुझ्या दोन ओळी कर, चार कर, मला काही कळत नाही. वही उघड आणि त्या पोरीला तिचं नाव दे.

अक्का आत्या

*

बारामती
२१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

काम चालू आहे. दिवाळीमुळे दुकानात गर्दी फार आहे, त्यामुळे थोडा उशीर होतोय. जुनं मशीन आहे, वेळ घेणारच. काळजी करण्यासारखं काही नाही. तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लावतेस ना?

मोनाली

*

भिगवण
२३ ऑक्टोबर २०२४

मोनाली,

माझ्या गुडघ्याची चौकशी तू गेल्या पाच वर्षांत केली नव्हतीस.

बत्तीस वर्षं मी नातेवाइकांना तोंडावर "सगळं ठीक आहे" म्हणताना पाहिलं आहे आणि त्यातल्या निम्म्या वेळा काही ठीक नव्हतं. मी स्वतःही तसं म्हटलेलं आहे. म्हणून ते वाक्य मला ओळखता येतं.

काय झालं ते लिही. वही गेली असेल तर तेही लिही. मी काही मरत नाही.

अक्का आत्या

*

बारामती
२६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

खरं लिहिते.

गुरुवारी, म्हणजे १७ तारखेला, मी एक्सपीसाठी डिस्कमध्ये जागा करायला घेतली. डिस्क एकच, तिचे दोन भाग करायचे. हे करण्याआधी नोंदवहीची वेगळी प्रत काढून ठेवायची असते. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच ओरडून सांगते, भिंतीवर पाटीही लावलीय. आणि तुझ्या वहीची प्रत मी काढली नाही. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

काम अर्ध्यावर असताना लाईट गेली. यूपीएसची बॅटरी दोन महिन्यांपासून मेलेली, बदलू बदलू म्हणत राहिले होते. लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर नुसता काळा पडदा. ना दहा, ना एक्सपी, ना वही. आत्या, मी स्टुलावर बसले ती उठलेच नाही. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

मग डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. तीन दिवस लागले. तुझ्या वहीचं फोल्डर सापडलं. ते आधी तीन ठिकाणी उतरवून घेतलं, मग डिस्क पहिल्यापासून तयार केली, आधी एक्सपी, नंतर दहा. आता दोन ओळी व्यवस्थित येतात. एक्सपीमध्ये वहीसुद्धा उघडली. "अक्काबाईंची नोंदवही" असं निळ्या पडद्यावर दिसलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण नकोशीची नोंद त्यात नाही.

बाळाच्या नावात नकोशी शोधलं, नाही. गावात सांगवी टाकलं, नाही. आईचं नाव लीलाबाई, नाही. तिच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख १ जून १९९६ टाकली, त्या दिवशी कुणी जन्मलंच नाही. वडिलांच्या नावानं शोधायला गेले तर तशी चौकटच सापडेना, ती बहुतेक पुसली गेलीय. पडद्याच्या वर कोपऱ्यात ११४३ असा काहीतरी आकडा दिसतो, पण एका वेळी एकच नोंद उघडते, कुठलं पान गेलं ते कसं कळणार? वहीचा काही तुकडा परत आलाच नाही, आणि नेमका तिचाच.

काल ती आली होती. तिला सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ द्या ताई. नसंलच काय ठिवलं नाव. तुमी कुठलंबी लिवा." तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

तू एकच गोष्ट सांगितली होतीस, धक्का लावू नकोस म्हणून. माफ कर.

मोनाली

*

भिगवण
२८ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली,
जय भीम.

आधी डोळे पूस. गेणबा सांगत होता, पत्र देताना तुझं तोंड उतरलं होतं. मग पुढचं वाच.

काही गेलेलं नाही! कोपऱ्यातला तो "काहीतरी आकडा" म्हणजे माझी बाळंतपणं. अकराशे त्रेचाळीस. रिटायर झाले त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटताना मी तोच आकडा सांगितला होता. तुझ्या लाईटनं त्यातलं एकही खाल्लेलं नाही. पत्र वाचता वाचता आकड्यापाशी आले आणि मोठ्यांदा हसले. शेजारीण धावत आली, म्हातारीला काय झालं म्हणून. तिला चहा पाजून परत पाठवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा घातलास बाई तू. तुझा दोष नाही म्हणा. माझी लिहायची रीत तुला कशी माहीत असणार?

वडिलांच्या नावाची चौकट पुसली गेलेली नाही, ती कधी नव्हतीच. बुद्धघोषनं केली होती, मी काढायला लावली. सरकारी वहीत नवऱ्याचं नाव असायचं. पण बाळंतपणाच्या खोलीत मला कधी नवरा दिसला नाही, तो बाहेर झाडाखाली बिड्या ओढत बसायचा. आत जी कण्हत होती तिचं नाव मी लिहिलं. आणि तेही माहेरचं. लग्नात तांदळात अंगठीनं कोरून सासरचे नवीन नाव ठेवतात, ते मला कोण सांगणार? पोरीला तिची आई ज्या नावानं हाक मारते आहे, तेच मी लिहायची. गावसुद्धा बाळंत झाली ते, बापाचं नव्हे.

लीलाबाई ही सांगवीकरांची. आमच्याकडची ती छबू. सोनबाची छबू. आईच्या नावात "छबू सोनबा" टाक.

आणि १ जूनवर तू विश्वास ठेवलास! शाळेत नाव घालताना गुरुजी आपल्या अर्ध्या मुलुखाला १ जूनला जन्माला घालतात. ती भर पावसाळ्यातली पोर आहे. बाळाच्या नावात नकोशी सापडणार नाही, कारण माझ्या वहीत मी आईनं सांगितलेलंच नाव घातलं.

आता माझंही एक ऐक. १६ तारखेच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. सासू नाव सांगून गेली, हे खरं. पण सरकारी वहीत ते लिहिलं कुणी? मी. माझ्या हातानं, निळ्या शाईनं. आई समोर खाटेवर होती, तिनं दुसरं नाव सांगितलेलं होतं. मला सरकारी वहीतही तेच लिहिता आलं असतं. नाहीतर जागा कोरी ठेवता आली असती, नावाची रिकामी जागा नंतर भरता येते. पण सांगवीकर येऊन भांडतील, साहेबांपर्यंत जातील, अशी भीती वाटली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते, काही नवखी नव्हते. भित्रेपणा केला. तो दाखला पुढे शाळेत गेला आणि त्या पोरीच्या कपाळी ते नाव बसलं ते बसलंच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बुद्धघोषच्या वडिलांनासुद्धा नाही.

नोंदीच्या खाली मी तेही लिहिलेलं आहे. म्हणून नोंद सापडली की तू वाचू नकोस. तिला खुर्चीवर बसव आणि तू बाहेर जा. ते पान तिचं आहे. वाचून तिनं मला शिव्या दिल्या तर तशाच्या तशा लिहून पाठव.

तुझी
अक्का आत्या

*

बारामती
३० ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

सापडली! सापडली, सापडली, सापडली!

पत्र सोमवारी दुपारी मिळालं. गेणबामामा टेम्पो चालू ठेवूनच उभे होते, म्हणाले, "काय निरोप हाय का माघारी?" मी त्यांना थांबायला सांगून आधी आकडा पाहिला. ११४३. मग "छबू सोनबा" टाकलं. तीन नोंदी आल्या, तिन्ही मुली, तिसरी १९ ऑगस्ट १९९६ची. एवढं दिसलं आणि मी पडदा बंद केला. आत्या, वाचायचा मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण वाचलं नाही. गेणबामामांना म्हटलं, बाईंना सांगा, सगळं आहे. ते म्हणाले, "काय सगळं?" मी म्हटलं, नुसतं एवढंच सांगा, त्यांना कळेल.

नकोशी काल ड्यूटी संपवून आली. तिच्या समोर मशीन चालू केलं, दोन ओळी आल्या, एक्सपी निवडलं. एक्सपी सुरू व्हायला एवढा वेळ लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नोंद उघडून दिली आणि मी चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. चहावाला धुळीचं भांडण विसरलेला नव्हता, पण माझं तोंड बघून त्यानं चहाचा कप पुढे केला.

वीस मिनिटं झाली. मग तिनं दारातून हाक मारली. डोळे लाल होते, पण ती हसत होती. म्हणाली, "ताई, फॉर्म काढा. मीच टाइप करते." नव्या नावाच्या चौकटीत तिनं स्वतः अक्षरं टाइप केली, एक एक करत, तू डायऱ्या चढवल्यास तशी. मी तेव्हा नाव वाचलं. पण ते मी सांगणार नाही, ती तुला पत्र लिहिते म्हणाली आहे.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "त्या अजून हायत ना?" मी म्हटलं, आहेत आणि चांगल्या खणखणीत आहेत.

आत्या, अकरा दिवस मला धड जेवण गेलं नव्हतं. काल घरी जाऊन तीन भाकरी खाल्ल्या. वहीच्या आता चार प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक दादाला पाठवली, एक पेनड्राइव्हमध्ये मशीनबरोबर येते आहे. चौथी नकोशीनं मागून घेतली, म्हणजे फक्त तिचं पान, छापून. यूपीएसची बॅटरीही बदलली.

मशीन शनिवारी येईल. चालू केलंस की चष्मा, मग बाण, मग एंटर.

तुझी
मोनाली

*

बारामती
६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नर्सबाई,
सादर नमस्कार.

आज प्रतिज्ञापत्र झालं. सही करून थेट मोनालीताईंच्या दुकानात आले आणि तिथंच बसून हे लिहिते आहे. तुमच्या वहीतलं माझं पान समोर आहे. तुम्ही लिहिलेलं तुम्हाला आठवत नाही असं ताई म्हणाल्या, म्हणून जसंच्या तसं उतरवून पाठवते:

"छबू सोनबा. तिसरी खेप. १९ ऑगस्ट १९९६, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. मुलगी. पावणेतीन किलो. लगेच रडली, आवाज मोठा. सासू दारातून बघून गेली, नकोशी ठेवा म्हणाली. ती गेल्यावर छबूनं बाळ मागून घेतलं, पाजलं. म्हणाली, नर्सबाई, मला ही पाहिजे होती. तुमच्या वहीत मनिषा लिहा. तिथं कुणी खोडायला येणार नाही. सरकारी वहीत मी नकोशी लिहिलं. भ्याले. छबूनं बघितलं, पण मला काही बोलली नाही."

नर्सबाई, मला तुमचा राग आला. खोटं कशाला लिहू? शाळेत हजेरी घेताना गुरुजी माझं नाव घ्यायचे आणि सगळा वर्ग मागं वळून बघायचा. दवाखान्यात पेशंट नाव विचारतात तेव्हा मी अजून आडनाव सांगते. हे सगळं सरकारी वहीतल्या एका ओळीमुळे झालं, असं वाटून दोन दिवस राग राहिला. मीही नर्स आहे. मीही कधीकधी नातेवाइकांच्या भांडणाला भिऊन गप्प बसले आहे. मग तो राग हळूहळू ओसरला. सगळा गेला असं नाही म्हणणार, पण बराच गेला.

मला सगळ्यात मोठी भीती होती ती आईची. तिलाही मी नको होते, असं मी सहा वर्षांची असल्यापासून धरून चालले होते. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण नावच तसं होतं. आता कळलं, तिनं मला मागून घेतलं होतं. हे कुणीच मला सांगू शकलं नसतं. आई बोलायला उरली नाही, बाप कधी बोलला नाही, आजोळ तुटलं. तुमच्या वहीशिवाय हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी वहीतलं माझं पान गेलं असं ताईंनी सांगितलं, तेव्हा काय जात होतं ते मला माहीतसुद्धा नव्हतं. आता छापलेलं पान दिवसातून दोनदा काढून बघते, आहे ना म्हणून.

तुम्ही माझी दोन नावं लिहिलीत. पहिलं मी अठ्ठावीस वर्षं वापरलं. ते संपलं. आता दुसरं वापरणार आहे.

पुढच्या रविवारी सुट्टी आहे, भिगवणला येते. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणे. मी मोठ्यांदा बोलेन. आईबद्दल तुम्हाला जे आठवत असेल ते सगळं मला सांगा, ती दिसायला कशी होती इथपासून.

तुमची,
छबूची मनिषा